औषध नसलेली सुई

दसऱ्याच्या आगेमागे अहमदपूर तालुक्यात सोयाबीनच्या काढणीची घाई उडते. शेंगा तडकायच्या आत आणि परतीचा पाऊस गाठायच्या आत रान मोकळं करायचं असतं. एकरावर किंवा पेरलेल्या बियाण्याच्या बॅगेवर गुत्तं घेतलेल्या बायकांच्या टोळ्या दिवस वर यायच्या आत शेतात उतरतात आणि उन्हं कलेपर्यंत विळा हातात धरून कमरेत वाकलेल्या असतात. हाडोळती, किनगाव, खंडाळी, शिरूर ताजबंद, कुठल्याही शिवारात जा, चित्र हेच. संध्याकाळी मजुरीचे पैसे हातात पडले की त्यातले दहा-वीस रुपये मेडिकलच्या दुकानात जातात. "कंबरंची गोळी द्या," एवढंच मागणं. गोळी मिळते, रात्र निघते, सकाळी पुन्हा विळा हातात येतो.

गोळीनं भागलं नाही की पायरी दवाखान्याची. तिथलं मागणंही ठरलेलं: "डॉक्टरसाहेब, एक सुई टोचा." मराठवाड्यात इंजेक्शनला सुई म्हणतात. सुई टोचली म्हणजे खरा इलाज झाला, नुसत्या गोळ्या लिहून दिल्या म्हणजे डॉक्टरनं मनावर घेतलं नाही, अशी समजूत अजूनही घट्ट आहे. या सुईतलं औषध बहुतेक वेळा गोळीतलंच असतं. डायक्लोफिनॅक तोंडावाटे गेलं काय आणि कमरेतून गेलं काय, मूत्रपिंडावर आणि जठरावर त्याचा भार पडायचा तो पडतोच.

आता अशा माणसापुढे एक दुसरीच सुई ठेवून पाहावी. ही सुई भरीव असते. तिला भोक नाही, मागे सिरिंज नाही, आत औषध नाही. इंजेक्शनची नेहमीची सुई ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाडीची असते, ही साधारण ०.२५ मिलिमीटरची, केसापेक्षा जाड, पण त्या सुईच्या निम्म्याहूनही बारीक. अशा आठ-दहा सुया कमरेत, गुडघ्याभोवती, पोटरीत, हाताच्या पंजावर टोचायच्या, पंधरा-वीस मिनिटं तशाच राहू द्यायच्या आणि काढून घ्यायच्या. रक्ताचा थेंब आला तर आला, नाही तर तोही नाही. ॲक्युपंक्चर म्हणतात ते हेच. औषध नसलेल्या सुईनं दुखणं कमी होतं का, होत असेल तर कशानं, आणि एखाद्या साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरनं रोजच्या कामात तिला जागा द्यावी का, हे तीन प्रश्न या विषयाच्या दारातच उभे आहेत. पुढच्या पानांत बिंदू, वाहिन्या आणि उपचाराच्या रीती येतील. त्याआधी या प्रश्नांशी ओळख झालेली बरी.

मराठी माणसाच्या मनात ॲक्युपंक्चर म्हटलं की एक नाव जवळजवळ आपोआप येतं: डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. ते सोलापूरचे, जन्म १० ऑक्टोबर १९१०, शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. जपाननं चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसनं १९३८ साली तिकडे पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे ते पाच. त्यातले चोळकर नागपूरचे. बाकीचे चौघे टप्प्याटप्प्यानं परतले, कोटणीस राहिले. आघाडीवरच्या जखमींवर दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या, कुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तिथेच गेले. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं होतं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. १९४६ साली व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, स्वतः कोटणीसांचं काम केलं, आणि ही गोष्ट घरोघरी पोचली.

पण कोटणीसांनी भारतात ॲक्युपंक्चर आणलं हा समज बरोबर नाही. ते शस्त्रक्रियेचे डॉक्टर होते आणि परत येणं त्यांच्या नशिबी नव्हतं. हे काम केलं त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी. बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या तिथे रीतसर शिकले आणि कलकत्त्याला परतून रुग्णांवर वापरू लागले. आपल्या गेलेल्या सोबत्याच्या स्मरणार्थ त्यांनी कोटणीस स्मारक समितीचं काम उभं केलं, आणि या समितीच्या आधारानं ॲक्युपंक्चर देशात पसरलं. लुधियान्याच्या ॲक्युपंक्चर रुग्णालयाला कोटणीसांचं नाव आहे ते त्यामुळेच. सोलापूरच्या मुलाचं नाव पंजाबातल्या पाटीवर चढलं आणि मराठवाड्यात मात्र ही विद्या कितीतरी उशिरा आली, याची चुटपुट वाटल्याशिवाय राहत नाही. सोलापूर काही अहमदपूरला परकं नाही.

कायद्याच्या बाजूनंही बंगाल पुढे होता. पश्चिम बंगालनं १९९६ साली ॲक्युपंक्चर चिकित्सेचा स्वतंत्र कायदा केला. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं नोव्हेंबर २००३ च्या आदेशात ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली, स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून नव्हे. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. त्यातून शिक्षण, नोंदणी आणि परिषद यांची चौकट ठरली. २०१९ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागानं ॲक्युपंक्चरला स्वतंत्र पद्धतीचा दर्जा दिला. रुग्णाच्या दृष्टीनं यातली कामाची गोष्ट एकच. सुई टोचणाऱ्याची नोंदणी आहे का, हे महाराष्ट्रात आता विचारता येतं, आणि ते विचारायलाच हवं.

दुखण्यावर शरीराला टोचून, भाजून, ओढून, दाबून इलाज करणं इथल्या लोकांना नवं नाही. तुंबडी लावणारे वैदू गावोगाव फिरत. गुडघ्यावर, टाचेवर बिब्ब्याचा चटका देत. कमरेत उसण भरली तर पायाळू माणसाला बोलावत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि त्याचा पाय कमरेला लागला की उसण उतरते असं मानत. आजही एखाद्या घरी पायाळू सुनेला शेजारची म्हातारी हक्कानं हाक मारते. आयुर्वेदात अग्निकर्म आणि विद्धकर्म आहे. पुण्याच्या वैद्य रा. ब. गोगटे यांनी विद्धकर्माला आपल्या काळात पुन्हा चालना दिली आणि अनेक वैद्य वेदनेसाठी इंजेक्शनची साधी पोकळ सुई वापरू लागले. म्हणून ॲक्युपंक्चर मुळात आपलंच होतं, सुश्रुताकडून चीनला गेलं, असं सांगायचा मोह अनेकांना होतो. त्याला आधार तोकडा आहे. माणसाच्या कातडीला बाहेरून जाग आणली की आतलं दुखणं काही काळ मागे हटतं, हा अनुभव ठिकठिकाणच्या लोकांना आपापला आला असावा, असं मानणं अधिक प्रामाणिक ठरेल. आणि बिब्बा व ॲक्युपंक्चर यांत एक ठळक फरक आहे. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात, मधुमेही माणसाचा पाय त्यातून चिघळू शकतो. निर्जंतुक बारीक सुईची इजा त्यामानानं नगण्य असते.

चीनमध्येही या विद्येचा मार्ग सरळ नव्हता. १८२२ साली तिथल्या बादशहानं राजवैद्यकाच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर बंद केलं होतं. १९४९ नंतर नव्या राजवटीनं तिला पुन्हा बळ दिलं, कारण देश अफाट, डॉक्टर थोडे आणि औषधं त्याहून थोडी. जगाचं लक्ष गेलं ते १९७१ साली. न्यूयॉर्क टाइम्सचे ज्येष्ठ पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. नंतर पोट फुगून त्रास होऊ लागला तेव्हा एका ॲक्युपंक्चरतज्ज्ञानं त्यांच्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या, आणि तासाभरात आराम पडला. हा अनुभव त्यांनी २६ जुलै १९७१ च्या अंकात लिहिला. पुढे गोष्ट तोंडातोंडी वाढत गेली आणि रेस्टन यांचं ऑपरेशनच सुयांवर झालं असं लोक सांगू लागले. ते ऑपरेशन नेहमीची भूल देणारी इंजेक्शनं देऊन झालं होतं; सुया आल्या त्या नंतरच्या त्रासासाठी. हा तपशील बारीक वाटला तरी सगळा विषय त्याच्यावर उभा आहे. सुई टोचून पोट फाडता येतं हा दावा वेगळा, आणि ऑपरेशननंतरचा त्रास सुईनं हलका होतो हे म्हणणं वेगळं. पहिला दावा मागे पडला. दुसरं म्हणणं टिकलं.

मग सुईनं शरीरात होतं तरी काय?

पारंपरिक उत्तर असं की शरीरात 'ची' नावाची शक्ती वाहिन्यांतून फिरते, ती अडली की दुखतं, आणि सुई तो अडथळा मोकळा करते. या वाहिन्या शवविच्छेदनात सापडत नाहीत. म्हणून आधुनिक डॉक्टरनं त्यांच्याकडे जुन्या लोकांनी काढलेल्या नकाशासारखं पाहावं. रस्ते काल्पनिक असले तरी काही मुक्काम खरे निघाले. ज्या जागी सुई टोचायला सांगतात त्यातल्या अनेक जागा मज्जातंतूंच्या वाटेवर किंवा स्नायूंच्या दुखऱ्या गाठींवर आहेत. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला 'झुसानली' हा बिंदू आहे. गुडघ्यामागच्या लवणीत कमरेसाठीचा बिंदू आहे. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात 'हेगू' आहे. माप रुग्णाच्या स्वतःच्या बोटांचं घ्यायचं, म्हणजे उंच माणसाचे बिंदू त्याच्या मापानं आणि बुटक्याचे त्याच्या मापानं. अंगुळं आणि वीत यांत वाढलेल्या मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही.

पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातले हान चीशंग १९६५ पासून या प्रश्नाच्या मागे लागले. निरोगी माणसांच्या हेगू बिंदूत सुई फिरवली तर वेदना सोसायची पातळी एकदम वाढत नाही, अर्ध्या तासात हळूहळू वर जाते आणि सुई काढल्यावर हळूहळूच उतरते, हे त्यांना दिसलं. त्या जागेला आधी बधिरतेचं औषध दिलं तर काहीच होत नाही. म्हणजे निरोप मज्जातंतूंवाटे जातो, आणि चढ-उतार सावकाश होतो त्या अर्थी काही रसायन तयार होत असावं. पुढे त्यांनी एका सशाला सुया टोचून त्याच्या मेंदूतला द्रव दुसऱ्या सशाला दिला, तर दुसऱ्या सशाची वेदनाही कमी झाली. १९७५ मध्ये ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूत तयार होणाऱ्या अफूसारख्या द्रव्यांचा शोध जाहीर केला, आणि दुसऱ्याच वर्षी टोरांटोत ब्रूस पोमेरांझ यांनी उंदरांवर दाखवलं की अफूचा परिणाम पुसणारं नालॉक्सोन दिलं तर सुयांचा गुणही पुसला जातो. सुयांना हलकी वीज जोडली तर सेकंदाला दोन स्पंदांनी एक तऱ्हेची द्रव्यं आणि शंभर स्पंदांनी दुसऱ्या तऱ्हेची द्रव्यं सुटतात, हेही हान यांच्या प्रयोगशाळेतलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या गटाला उंदरांच्या पायात, सुईच्या आसपास ॲडिनोसीन साचताना दिसलं. तेही वेदना शमवणारं.

सुई नेमकी बसली की रुग्णाला तिथे एक वेगळीच जाणीव होते. चिनी भाषेत तिला 'दछी' म्हणतात. इंग्रजी पुस्तकांना तिचं वर्णन करताना बरीच खटपट करावी लागते. मराठीला अडचण नाही. जड पडणं, मुंग्या येणं, ठणकणं, ताठल्यासारखं होणं, आत ओढ बसणं हे सगळे शब्द घरातले आहेत. इथल्या बोलीत दुखण्याचेच केवढे प्रकार: चमक निघते, कळ येते, सणक जाते, ठसठसतं, रवरवतं, शिणवटा येतो, कंबर धरते, मान अवघडते. दवाखान्यात हे शब्द कानावर येतात आणि केसपेपरवर मात्र तिन्ही-चारी गोष्टींसाठी 'कंबरदुखी' एवढंच उतरतं. नुसतं दुखतं की पायात सणक उतरते, यावर पुढचा सगळा उपचार ठरतो. सुई वापरणाऱ्या डॉक्टरला रुग्णाशेजारी वीस मिनिटं थांबावं लागतं, आणि हे शब्द ऐकायला तेवढा वेळ पुरतो. ॲक्युपंक्चरचा हा लाभ कुठल्या प्रयोगात मोजला गेला असो वा नसो, तो मोठा आहे.

मोजलेल्या गोष्टींकडे वळलं की मात्र चित्र गुंतागुंतीचं होतं, आणि ते जसं आहे तसंच सांगायला हवं. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. एका गटाला खरं ॲक्युपंक्चर मिळालं. दुसऱ्या गटाला खोटं, म्हणजे चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्या गटाला औषधं, व्यायाम, शेक असा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना फरक पडला होता, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तिसऱ्यात फक्त २७.४ टक्के. हे आकडे पुन्हा वाचावेत. नेहमीच्या उपचारापेक्षा सुयांनी जवळजवळ दुपटीनं गुण आला. पण सुया बरोबर जागी टोचल्या काय किंवा चुकीच्या जागी टोचल्या काय, फारसा फरक पडला नाही.

समर्थक पहिलं वाक्य सांगतात, विरोधक दुसरं. दोन्ही खरी आहेत.

सुईचा गुण बराचसा बिंदूच्या नेमकेपणात नसून टोचण्यात, वेळ देण्यात आणि रुग्णाच्या भरवशात आहे, असा याचा अर्थ निघतो. भरवसा म्हणजे मनाचे खेळ, असं म्हणून उडवून लावता येत नाही. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात दाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, औषध म्हणून नुसतं पाणी टोचल्यावर ज्यांना बरं वाटलं होतं त्यांचा आरामही नालॉक्सोननं कमी झाला. भरवशातूनही शरीर तीच अफूसारखी द्रव्यं सोडत असतं. "एक सुई टोचा" म्हणणाऱ्या अहमदपूरच्या बाईच्या मागणीत जे बळ आहे ते हेच. फक्त आज ते बळ डायक्लोफिनॅकच्या मागे लावलं जातं.

एकेका अभ्यासावर न थांबता सगळे एकत्र केले तर थोडं अधिक दिसतं. अँड्र्यू व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ३९ अभ्यासांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. कंबर, मान, खांदा, गुडघा, डोकेदुखी या जुनाट दुखण्यांत खरी सुई खोट्या सुईपेक्षा थोडी वरचढ ठरली आणि काहीच न करण्यापेक्षा बरीच; आणि आलेला गुण वर्षभरानंतरही बऱ्याच अंशी टिकून होता. 'थोडी' हा शब्द इथे जपून वाचायला हवा. कोक्रेन संस्थेनं २०२० मध्ये कंबरदुखीवरचे ३३ अभ्यास तपासले, आणि खोट्या सुईपेक्षा खऱ्या सुईचा फायदा रुग्णाला जाणवण्याइतका मोठा नसावा असा निष्कर्ष काढला.

म्हणूनच देशोदेशीच्या आरोग्यव्यवस्थांचे निर्णय जुळत नाहीत. जर्मनीत सरकारी विमा २००७ पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च देतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००९ मध्ये कंबरदुखीसाठी शिफारस केली, २०१६ मध्ये ती मागे घेतली, आणि २०२१ मध्ये उघड कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा विचारात घ्या म्हणून सांगितलं. गुडघ्याच्या झिजेला मात्र २०२२ मध्ये नकार दिला. अर्धशिशी टाळण्यासाठी त्यांची शिफारस २०१२ पासून आहे, पाच ते आठ आठवड्यांत दहा बैठकांपर्यंत. अमेरिकेच्या मेडिकेअरनं जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ बैठका मान्य केल्या, आणि गुण दिसला तर आणखी आठ. धरसोड वाटावी असा हा प्रकार आहे. पण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता. खोट्या सुईशी तुलना केली तर उत्तर एक येतं, आणि रुग्णाला आज मिळणाऱ्या उपचाराशी केली तर दुसरं. अहमदपूरच्या डॉक्टरनं दुसरा प्रश्न विचारायला हवा, कारण त्याच्यासमोरच्या बाईपुढे निवड खऱ्या आणि खोट्या सुईची नाही. ती आहे सुई आणि रोजच्या दोन वेदनाशामक गोळ्यांची.

या गोळ्यांचा हिशोब कोणी ठेवत नाही, ही खरी दुखरी जागा आहे. उन्हात दिवसभर राबणारं, कमी पाणी पिणारं शरीर. त्यात चाळिशीनंतर रक्तदाब, मधुमेह. आणि वर रोजची वेदनाशामक गोळी. मूत्रपिंड थकायला एवढं पुरतं. जठराला व्रण पडतो, तो कधी रक्ताची उलटी होईपर्यंत कळत नाही. गुडघ्याच्या दुखण्यावर गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. पुडी बंद केली की माणूस कोसळतो, म्हणून ती बंदच होत नाही. ज्यांना वेदनाशामक गोळी चालतच नाही, म्हणजे मूत्रपिंड बिघडलेले, व्रण झालेले, हृदयाचे रुग्ण, म्हातारी माणसं, त्यांच्यासाठी ॲक्युपंक्चरची बाजू सर्वांत भक्कम आहे. त्यांच्याजवळ दुसरे पर्याय मोजकेच असतात.

आणि तरीही पहिलं काम सुई उघडणं नाही.

कंबर दुखतेय म्हणून आलेल्या माणसाला मणक्याचा क्षय असू शकतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पाठीला आलेला बाक या खुणा आपल्या भागात कधीही नजरेआड करता येत नाहीत. कुशीतून जांघेकडे जाणारी कळ मुतखड्याची असू शकते. पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं ही शस्त्रक्रियेची घाई आहे. तिथे एक दिवससुद्धा सुयांत घालवणं गुन्हा आहे. पाळी गेलेल्या बाईचा मणका साध्या धक्क्यानं दबलेला असू शकतो. छातीतली कळ डाव्या खांद्यात उतरते तेव्हा ती खांद्याची नसते. सुई दुखणं कमी करते, म्हणजेच ती दुखण्याचा आवाजही दाबते. हा तिचा सर्वांत मोठा धोका आहे, आणि म्हणूनच तिची योग्य जागा तपासणी करू शकणाऱ्या डॉक्टरच्या टेबलाजवळ, एक्स-रेच्या आणि रक्ततपासणीच्या सोबतीनं आहे. अहमदपूरहून लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई, तिन्हीकडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं दोन तासांच्या टापूत आहेत. शंका आली तर रुग्णाला तिकडे धाडायला उशीर नको.

"मणक्यात गॅप आहे", "गुडघ्यातलं वंगण संपलं" ही इथली ठरलेली निदानं. ती ऐकून माणूस घाबरतो, वाकायचं सोडतो, मांडी घालायचं सोडतो, आणि स्नायू आणखी कमजोर होतात. सुयांनी वेदना थोडी उतरली की त्याच वेळी व्यायाम सुरू करून द्यायचा असतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा, पोटाचा, पाठीचा. सुई खिडकी उघडते आणि व्यायामाला आत यायला जागा मिळते. नुसत्या सुयांवर महिनोन्महिने विसंबलेला रुग्ण आणि गोळ्यांवर विसंबलेला रुग्ण यांच्यात फार अंतर उरत नाही.

सुरक्षिततेची बाजू बरीच स्वच्छ आहे. जर्मनीतच सव्वादोन लाखांहून अधिक, नेमके २,२९,२३० रुग्ण पाहिले गेले. त्यातल्या ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना थोडं रक्त येणं, काळंनिळं पडणं, टोचल्या जागी दुखणं. सुई खोल जाऊन फुप्फुसाभोवती हवा शिरल्याच्या घटना दोन. म्हणजे छातीवर आणि खांद्याच्या वरच्या भागात सुई टोचणाऱ्याला शरीररचना पाठ हवी. सुया प्रत्येक वेळी नव्या, पाकिटातून रुग्णासमोर उघडलेल्या हव्यात. कावीळ आणि एचआयव्ही कुठल्याही पद्धतीला सूट देत नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, हृदयात पेसमेकर असेल तर डॉक्टरला आधी सांगायला हवं. पेसमेकर असलेल्याला वीज जोडलेल्या सुया देत नाहीत.

शेवटची अडचण पैशाची आणि पायपिटीची. परदेशातल्या अभ्यासांत आठवड्याला दोन याप्रमाणे दहा-बारा बैठका असतात. हाडोळतीच्या बाईला दहा फेऱ्या म्हणजे दहा दिवसांची मजुरी आणि एस.टी.चं भाडं. इतकं ओझं टाकणारा उपचार, कितीही गुणाचा असला तरी, तिचा राहत नाही. यावर वाट काढता येते. बैठका आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवता येतात, एकाच वेळी चार-पाच रुग्ण ओळीनं बसवून सुया टोचता येतात, आणि चार बैठकांत काहीच फरक दिसला नाही तर तिथेच थांबून तसं स्पष्ट सांगता येतं. हे थांबणं उपचाराचाच भाग मानायला हवं. सुयांचा खर्च औषधांच्या मानानं अगदी थोडा. महाग आहे तो डॉक्टरचा वेळ.

अशा दवाखान्यात रुग्णाच्या कार्डावर एक जादा रकाना आखून ठेवावा. कुठे दुखतं, किती दुखतं हे रकाने असतातच. हा तिसरा, गेल्या आठवड्यात घेतलेल्या गोळ्यांचा. पहिल्या दिवशी त्यात चौदा लिहिलेलं असतं. तिसऱ्या खेपेला डॉक्टर मनगटाची नाडी धरतो, रक्तदाब बघतो, गुडघा वाकवून बघतो, पाकीट फोडतो आणि सुई टोचायच्या आधी विचारतो, "मावशी, या आठवड्यात गोळ्या किती झाल्या?" मावशी बोटं मोजते. "पाच. त्यातल्या दोन मळणीच्या दिवशी."